पुतणीच्या विमानासाठी रिसीव्हर : कामाच्या नोंदी

२ मार्च

पुतणी चार दिवस घरी होती, काल गेली. ती विमान चालवायला शिकते. व्यावसायिक लायसन्ससाठी २०० तास लागतात, त्यातले तिचे ६१ झाले. आर्वीच्या बसस्टँडवर बॅग चढवताना म्हणाली, "काका, अमेरिकेत पायलट लोक एक डबी सोबत ठेवतात. आजूबाजूची विमानं टॅबवर दिसतात, हवामानही दिसते. तुम्ही तर टीव्ही खोलून परत बसवता, हे नाही होणार का तुमच्यानं?"

रात्री दुकान बंद करून वाचत बसलो. तिकडे सेंट्री, स्ट्रेटस, गार्मिनची जीडीएल मालिका असे तयार रिसीव्हर मिळतात. पण स्ट्रॅटक्स नावाचा एक खुला प्रकल्पही आहे : रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक, टीव्हीचा यूएसबी डोंगल, जीपीएस, आणि वाय-फायवरून टॅबला माहिती. यातलं कोणतंच काम माझ्या टेबलाला परकं नाही. वही काढली.

९ मार्च

सामान आलं. पाय ३ बी प्लस, दोन डोंगल, जीपीएस, हवेचा दाब मोजणारा बीएमपी२८०. स्ट्रॅटक्सच्या यादीत दोन डोंगल लिहिले होते म्हणून दोन.

हा डोंगल मुळात टीव्ही पाहायचा. त्यातली आरटीएल२८३२यू चिप अँटेनावर आलेला सिग्नल कच्चा, जसाच्या तसा संगणकाला देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं. तेव्हापासून ही स्वस्तातली कांडी हौशी रेडिओवाल्यांची झाली.

विमान आपली जागा जीपीएसवरून घेतं आणि १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा सांगत राहतं. एक संदेश ११२ बिटांचा, १२० मायक्रोसेकंदांत संपतो. त्याला कोणी विचारावं लागत नाही; ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. हेच एडीएस-बी.

डोंगलसोबतची बोटभर अँटेना खिडकीत ठेवून डम्प१०९० हा संदेश उलगडणारा प्रोग्राम चालू केला. सात मिनिटांनी पहिली ओळ. चोवीस बिटांचा पत्ता ८०० ने सुरू होणारा, म्हणजे भारतीय विमान (८० ते ८३ ही सुरुवात आपल्या देशाला दिलेली आहे). उंची ३६,००० फूट. माझ्या तोंडून आवाजच निघाला. आई ओसरीतून आली, "काय झालं रे बाबू?" तिला स्क्रीन दाखवली, मग अंगणात नेलं. पूर्वेकडे लुकलुकणारा दिवा सरकत होता. "हे का ते?" तेच होतं. थोड्या वेळानं एमिरेट्सचं एक गेलं. कुठून निघालं आणि कुठं चाललं हे आईला हवं होतं, पण संदेशात ते नसतं. फक्त फ्लाइटचं नाव, जागा, उंची, वेग. तरी ती अर्धा तास खुर्ची टाकून बसली.

१५ मार्च

अँटेना केली. १०९० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा चौथा भाग ६.९. घराच्या वायरिंगमधली अडीच एमएमची तांब्याची तार उभी, आणि खाली तेवढ्याच लांबीच्या चार तारा पंचेचाळीस अंशांत वाकवलेल्या. केबल डिशवाल्याकडची आरजी-६, बारा मीटर. ती ७५ ओहमची आणि डोंगल ५० चा, पण त्या फरकानं जाणारा सिग्नल किरकोळ. खरा तोटा लांबीचा : बारा मीटरला जवळपास अडीच डेसिबल. म्हणून विमानात नेताना केबल हातभरच ठेवायची.

टाकीच्या लोखंडी स्टँडवर पाइप बांधून चढवली आणि एका वेळी चाळीसच्या वर विमानं. नागपूर देशाच्या मधोमध. दिल्ली-बंगळूर, मुंबई-कोलकाता, आखाताकडून पूर्वेकडे, सगळी वाहतूक आपल्या कपाशीवरूनच जाते. ३५,००० फुटांवरचं विमान सपाट मुलखात सव्वाचारशे किलोमीटरवरूनही अँटेनाच्या नजरेत येतं. खालचं मात्र नाही. नागपूरचा सोनेगाव विमानतळ इथून सरळ रेषेत पंच्याऐंशी किलोमीटर. तिथं उतरणारं विमान अडीच हजार फुटांच्या आसपास आलं की यादीतून जातं. पृथ्वीचा बाक आणि मधल्या टेकड्या आड येतात. ते विमान पुढे व्यवस्थित उतरतं, फक्त मला ऐकू येत नाही. वहीत या वाक्याखाली रेघ मारून ठेवली आहे.

१९ मार्च

दोन दिवस संदेश कमी येत होते. आधी केबल, मग कनेक्टर, मग पुन्हा केबल पाहिली. कारण निघालं दोन घरं सोडून उभा असलेला मोबाइल टॉवर. ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला त्याचा जोर एवढा की डोंगलचा कान बधिर होतो. मी त्यात गेन, म्हणजे सिग्नल वाढवायचं प्रमाण, सगळ्यात वर, ४९.६ वर ठेवला होता. ३८.६ वर आणला तर संदेश वाढले! आधी माझा विश्वास बसेना, चार वेळा खालीवर करून पाहिलं. टीव्हीच्या बूस्टरचंही असंच असतं. गिऱ्हाईक आणखी मोठा बूस्टर मागतो आणि चित्र आणखी बिघडतं. १०९० सोडून बाकीचं अडवणारा सॉ फिल्टर मागवला.

२३ मार्च

आज मन खट्टू झालं.

हवामान या रिसीव्हरवर येणार नाही. अमेरिकेत ते ९७८ मेगाहर्ट्झवर येतं. त्यांच्या सरकारनं देशभर जमिनीवर केंद्रं उभारली आहेत, ती रडारचं पावसाचं चित्र, विमानतळांचे हवामान अहवाल, पुढचा अंदाज असं सगळं वर पाठवतात, पैसे न घेता. दुसरा डोंगल त्यासाठीच. आपल्याकडे ९७८ वर असं काही नाही. उपग्रहावरून पैसे भरून मिळणारी सिरियसएक्सएमची सेवाही उत्तर अमेरिकेपुरती.

आणखी एक गोष्ट कळली. तिकडची जमिनीवरची केंद्रं एडीएस-बी नसलेल्या विमानांची रडारवरून मिळालेली जागाही परत आकाशात सांगतात, पण ती मुख्यतः ज्यांच्याकडे स्वतः सांगणारं यंत्र आहे त्यांच्याभोवतीची : पंधरा नॉटिकल मैल आणि वर-खाली साडेतीन हजार फूट. नुसता ऐकणारा डबा घेऊन बसलेल्याला दुसऱ्याच्या ताटातलं थोडं मिळतं. आपल्याकडे तेही ताट नाही.

पुतणीला फोन केला. म्हणाली, "विमानं दिसतात ना काका? तेवढंही पुष्कळ आहे." पण मे महिन्यात दुपारी इथं ढग कसे उठतात ते मी पाहिलं आहे. हवामान सोडून द्यायला मन तयार नाही.

३० मार्च

पाडवा. अँटेनाचा पाइप आईनं गुढीसाठी घेतला. संध्याकाळी गुढी उतरल्यावर अँटेना परत चढवली.

६ एप्रिल

डबा. उष्णता बाहेर जावी म्हणून ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा घेतला, भोकं पाडली, आत सगळं छान बसवलं. झाकण लावलं आणि टॅबवरून वाय-फाय गेलं. जीपीएसला एक उपग्रह दिसेना. धातूच्या डब्यात रेडिओ बंद करून ठेवला, तीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसानं. दिवस गेला. आता स्विचबोर्डचा पीव्हीसी डबा, दोन बाजूंना जाळी, आणि पायच्या चिपवर ॲल्युमिनियमची पट्टी. थ्रीडी प्रिंटरवर छापलेले डबे मिळतात, पण त्यातलं नेहमीचं पीएलए प्लॅस्टिक साठ अंशांना मऊ पडतं. आपल्या उन्हात त्याचा भरवसा नाही.

१३ एप्रिल

पाय मधेच रीस्टार्ट होतो. काय बिघडलं ते सांगणारा थ्रॉटलचा कोड त्याला विचारला तर ५०००० आला : व्होल्टेज पडलं होतं आणि त्यामुळे वेग कमी केला गेला. पॉवर बँक चांगली, ५.१ व्होल्ट देते. पायच्या पिनवर मोजले ४.५५. पायची खालची हद्द ४.६३. मधला अर्धा व्होल्ट चार्जिंगच्या बारीक केबलनं खाल्ला. जाड तारेची फूटभर केबल स्वतः सोल्डर केली, आता ४.९८. कोणी हे बनवणार असेल तर आधी केबल मोजा, मग पुढचं.

२० एप्रिल

उन्हाची परीक्षा. शेजारच्या पोराची व्हॅन दुपारी दोनला उघड्यावर उभी केली, काचा बंद, डबा पुढच्या काचेखाली. बाहेर ४४. चाळीस मिनिटांत पायचं तापमान ८१, आणि ८० च्या पुढे तो स्वतःचा वेग जास्तच कमी करायला लागतो. संदेश निम्मे झाले. पण मला जास्त भीती वाटली ती पॉवर बँकेला हात लावल्यावर. लिथियमचा सेल काचेखाली तापत ठेवणं म्हणजे विमानात विस्तव नेणं. तेव्हाच ठरवलं : डबा मागच्या सीटवर सावलीत, पॉवर बँक सीटच्या खिशात, काचेजवळ फक्त हातभर केबलवरची अँटेना. मागच्या सीटवर सावलीत पुन्हा तासभर चालवला, ६८ च्या वर गेला नाही.

२७ एप्रिल

हवामानाचा मधला मार्ग काढला. उडण्याआधी जमिनीवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून नागपूरचा मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, पायमध्ये साठवायचा आणि वर गेल्यावर तोच दाखवायचा. नागपूरचा अहवाल दर अर्ध्या तासानं निघतो. हवेचा वेग, दृश्यता, ढग, तापमान, दाब. 'सीबी' अक्षरं आली म्हणजे गडगडाटी ढग.

साठवलेलं हवामान शिळं होत जातं, हीच यातली मोठी अडचण. अमेरिकेतल्या एनटीएसबी या अपघात तपास मंडळानं २०१२ साली पायलटांना याच गोष्टीचा इशारा दिला होता : कॉकपिटमधल्या रडारच्या चित्रावर जे 'इतक्या मिनिटांपूर्वीचं' लिहिलेलं असतं, ते चित्र जोडून तयार झाल्यापासूनचं वय. आतला पाऊस त्याहून पंधरा-वीस मिनिटं जुना असू शकतो. वादळ तेवढ्यात कुठल्या कुठे जातं, आणि त्या चित्रातल्या फटीतून वाट काढायला गेलेली माणसं मेली आहेत. ते वाचून रात्रभर डोक्यात पुतणीच येत राहिली.

म्हणून टॅबवर दिसणाऱ्या माझ्या पानावर सगळ्यात मोठी अक्षरं वयाची. 'नागपूर, २५ मिनिटं जुनं', आणि त्याखाली बारीक हवामान. साठ मिनिटांनंतर अक्षरं फिकट. नव्वदनंतर हवामान दिसणारच नाही, फक्त वय. पान मराठीत आहे. वर विमानांची यादी, आणि पाच किलोमीटरच्या आत काही नसलं की 'जवळ विमान नाही'.

मेटारची वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असते. १०३० झेड म्हणजे आपले दुपारचे चार. पहिल्या दिवशी मी ती घड्याळाशी तशीच ताडून पाहिली आणि ताज्या अहवालाला साडेपाच तास जुना समजलो.

४ मे

ही नोंद सविस्तर, कारण आजची चूक सगळ्यात वाईट.

सकाळी डबा चालू केला. हॉटस्पॉट लावला नव्हता, जीपीएसनं अजून उपग्रह धरले नव्हते. पानावर आलं : 'नागपूर, ४ मिनिटं जुनं'. मेटार काल संध्याकाळचा होता.

पायमध्ये घड्याळाचा सेल नसतो. बंद होताना शेवटची वेळ तो फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि चालू झाल्यावर तिथूनच पुढे मोजतो. काल मेटार उतरवून चार मिनिटांत मी डबा बंद केला. रात्रीचे बारा तास त्याच्यासाठी झालेच नाहीत. म्हणजे ज्या आकड्यावर पोरीनं विश्वास ठेवावा म्हणून तो सगळ्यात मोठा केला, तोच खोटा होता, आणि खोटा असताना ताज्यासारखा दिसत होता. वय लिहिलंच नसतं तर तिनं निदान शंका घेतली असती.

उपाय दोन केले. डीएस३२३१ चं घड्याळ बसवलं, त्याला २०३२ चा सेल. आणि प्रोग्राममध्ये अट टाकली : जीपीएसची वेळ येऊन ती या घड्याळाशी जुळेपर्यंत हवामान दिसणार नाही, 'वेळ माहीत नाही' एवढंच दिसेल. सेल काढून, घड्याळ मुद्दाम चुकवून, जीपीएस फडक्यात आणि फॉइलमध्ये गुंडाळून, सात प्रकारे फसवून पाहिलं. सातही वेळा गप्प राहिला. रात्री एक वाजता झोपलो.

११ मे

दाबाचा सेन्सर घराची उंची १,३२० फूट सांगतो. घर आहे ९०० वर. सेन्सर बिघडला म्हणून खोलणार होतो, तेवढ्यात पुतणीचा फोन. "काका, क्यूएनएच किती आहे आज?" म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाचा हवेचा दाब. मेटारमध्ये ९९८ हेक्टोपास्कल. "मग बरोबर आहे. विमानं आपली उंची १०१३ च्या हिशेबानं सांगतात. दाब १५ नं कमी, एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट." १५ गुणिले २८, चारशे वीस. सेन्सर अगदी नीट होता.

सगळी विमानं एकाच मापानं सांगतात म्हणून एकमेकांतला फरक खरा राहतो. हा सेन्सरही त्याच मापानं ठेवायचा, दुरुस्त करायचा नाही. मग तिनं आणखी एक हिशेब सांगितला : नागपूरची धावपट्टी १,०३३ फुटांवर, पण ४४ अंशांत आणि अशा दाबात हवा एवढी विरळ की इंजिन आणि पंखांना ती पाच हजार फुटांच्या वरची वाटते. म्हणून मे महिन्यात त्यांच्या सॉर्टी, म्हणजे उड्डाणं, पहाटे असतात. पोरगी मला शिकवत होती आणि मी लिहून घेत होतो. दादा असता तर हे ऐकायला हवा होता.

१८ मे

चिखलदऱ्याला गेलो. विमानात न बसता उंचीवरून ऐकायचं तर विदर्भात याहून चांगली जागा नाही, अकराशे मीटर. दक्षिणेकडच्या कड्यावर डबा दगडावर ठेवला, वर छत्री धरली. खाली परतवाड्याकडचं मैदान उन्हात पांढरं पडलेलं. घरी न ऐकू येणारी खालची विमानं इथं येत होती. बेलोऱ्याला जाणारं एक एटीआर, पंख्याचं छोटं प्रवासी विमान, दिसलं. अमरावतीचा तो विमानतळ इथून पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर, पण मधे आड काही नाही, म्हणून ते उतरत उतरत पार १,६०० फुटांपर्यंत यादीत राहिलं. उत्तरेकडे मेळघाटचे डोंगर, त्या बाजूची खालची एकही ओळ नाही.

साडेतीनला पश्चिमेला ढग उठला. टॅबवर काहीच नाही, असणारही नव्हतं. तीन विमानं मात्र एकामागून एक त्याच्या भोवती वळसा घालून गेली. ३७,००० फुटांवरूनही त्याला वरून ओलांडायला कोणी तयार नव्हतं. त्यांच्या वाटेवरून ढगाची कड काढता येत होती. वहीत ती रेघ उतरवली आणि विजा जवळ यायच्या आत खाली निघालो.

१ जून

इन्स्ट्रक्टर साहेबांनी परवानगी दिली : ती एकटी उडते त्या सोलोला नाही, ते स्वतः सोबत असताना, मागच्या सीटवर, काचेला काही चिकटवायचं नाही, आणि त्यावर पाहून वळायचं नाही. सगळ्या अटी योग्यच आहेत.

सकाळी सहाला एक तास दहा मिनिटं उडाले. साडेसातला तिचा फोन. तापमान ५४, व्होल्टेज पडलं नाही, मेटारचं वय बरोबर, ६० ला फिकट झालं. वरची अकरा मोठी विमानं दिसली. सर्किटमधली, म्हणजे धावपट्टीभोवती फेऱ्या मारणारी, शाळेची दोन विमानंही.

"पण काका, तिसरंही होतं. परत आलो तेव्हा ते दोन उतरले होते आणि हे डाव्या हाताला समोर होतं, डोळ्यानं दिसत होतं. तुमचं पान म्हणत होतं, जवळ विमान नाही."

त्या तिसऱ्या विमानात रडारला उत्तर देणारं यंत्र, म्हणजे ट्रान्सपाँडर, जुना, मोड सीचा. तो रडारनं विचारलं की कोड आणि उंची सांगतो, जागा सांगत नाही. आमच्या डब्याला ते विमान कुठं आहे हे कळायचा मार्गच नाही. तिला सरांनी आणि रेडिओवरच्या बोलण्यानं आधीच माहीत होतं, म्हणून काही झालं नाही. ती सहज सांगत होती. माझे हात गार पडले. एप्रिलमध्ये ती ओळ मी लिहिली होती, आणि मार्चमध्ये, सोनेगावच्या नोंदीत, त्याच गोष्टीखाली मीच रेघ मारली होती.

२ जून

ओळ बदलली. 'जवळ विमान नाही' काढून 'जवळचं कोणी ऐकू येत नाही. बाहेर पाहा.' त्या ओळीचा हिरवा रंग काढला. यादीच्या वर सेकंदाला किती संदेश येतात तो आकडा टाकला. आपल्या आकाशात वरून मोठी विमानं सतत जात असतात. तो आकडा शून्य झाला तर आकाश रिकामं झालेलं नाही, डबा बंद पडला आहे. शून्यावर दहा सेकंद राहिला की सगळं पान लाल.

आईला नवी ओळ वाचून दाखवली. म्हणाली, "हे बरं केलं. पोरीले डोळे देले आहे देवानं."

८ जून

डबा पुतणीकडे पाठवला. सोबत जाड केबल दोन, एसडी कार्डाची प्रत एक. दुसरी प्रत दुकानात. घड्याळाचा सेल दिवाळीत बदलायचा. तिचे १०४ तास झाले. दुसऱ्या डोंगलला आता टॉवरचा जोर मोजायच्या कामाला लावलं आहे.

रात्री पहिला पाऊस आला. गच्चीवरच्या कनेक्टरला टेप लावायची राहिली होती, पाणी शिरलं असणार. सकाळी वर जाऊन पाहतो.